आमच्या दारव्ह्याच्या स्टेशनाला 'जंक्शन' काहून म्हणत?

मोतीबागेतला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारतोच.

माझे आजोबा दारव्ह्याचे. दिवस कलला की डोक्यावर टोपी ठेवून निघायचे आणि आजीला सांगायचे, "जंक्शनावर जाऊन येतो." जंक्शन म्हणजे आमचं मोतीबाग स्टेशन. मी लहानपणी बडनेरा पाहिलं, भुसावळ पाहिलं, आणि तेव्हापासून हा शब्द मला खटकायला लागला. जंक्शन म्हणजे चार दिशांना फुटणारे रूळ, धावपळ, कँटीन. आमच्याकडे अडीच फुटांची एक लाइन, एक बैठी इमारत, कडुनिंबाची सावली आणि दिवसातून एकदा जाऊन एकदा येणारी शकुंतला, म्हणजे आमची छोटी रेल्वेगाडी. यवतमाळहून आली की मूर्तिजापूरकडे, मूर्तिजापूरहून आली की यवतमाळकडे. तिसरी दिशाच नाही! मग जंक्शन कशाचं?

आजोबांना विचारायचं राहून गेलं. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे, गावात सगळ्यांच्या तोंडी नवं स्टेशन आहे, जुन्याचं नावही निघत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जे आठवतं ते लिहा, अगदी एक ओळ असली तरी.

संत्राबर्फी
मोतीबाग म्हणजे नागपूरचं ना? तिथे छोट्या गाड्यांचं संग्रहालय आहे, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. जुनी इंजिनं छान रंगवून ठेवली आहेत.

मोतीबागेतला
नाही हो ताई, ते वेगळं. नागपूरचं मोतीबाग सातपुड्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनचं. आमचं दारव्हा मोतीबाग, जिल्हा यवतमाळ. हा घोळ नेहमी होतो.

तिफण
भाऊ, धागा पाहून डोये भरून आले. मी लाडखेडचा. आमच्या बुढ्याले घड्याळ कधी लागलंच नाही, शकुंतलेचा भोंगा आयकला का तो बैलं सोडे.

सरकीढेप
जंक्शनचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ही लाइन आलीच कशी ते सांगतो. माझ्या तीन पिढ्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या धंद्यात गेल्या.

मुंबईहून निघालेली मोठी लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव ही गावं रुळावर आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरणीमालकांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावचा बाजार एवढा मोठा, की जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका कापूसबाजारासाठी व्हाइसरॉय! त्यावरून समजा, काय भाव होता आपल्या बोंडाला.

पण यवतमाळ मात्र मोठ्या लाइनीपासून बाजूला पडलं. तिकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावला न्यावा लागे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक आरीपर्यंत रुतलं म्हणजे काय होतं, ते ज्याच्या बैलांनी ओढलंय त्यालाच माहीत. म्हणून १९१० साली मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि १९१६ पर्यंत मूर्तिजापूरपासून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला नेला. अचलपूर ७६ किलोमीटर, यवतमाळ ११३. पुलगाव-आर्वी ३५ किलोमीटर, तीही याच कंपनीची, १९१७ ची.

तेव्हा हे स्टेशन माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. ते कापसाच्या गाठींसाठी होतं. माणसं नंतर चढली.

कारंजेकरीण
"माणसं नंतर चढली." सरकीढेपदादा, वाक्य अगदी खरं आहे. पण चढलेली माणसं मग उतरली नाहीत, हेही लिहा.

माझं माहेर कारंजा, सासर दारव्हा. लग्नानंतरची पहिली दिवाळी मी शकुंतलेनं माहेरी गेले. तिकीट खिडकीवर नाही, गाडीतच मिळालं. गार्डच तिकीट देई, तोच झेंडी दाखवी. माझ्या मांडीवर अनारशांचा डबा होता. समोरच्या बाकावर एक आजी हरभऱ्याचा टहाळ घेऊन बसल्या होत्या. सोलता सोलता त्यांनी माझ्या ओटीत मूठभर सोले टाकले आणि म्हणाल्या, "माहेरी रिकाम्या ओटीनं जाऊ नये बाई." नाव नाही, गाव नाही. कारंजा येईपर्यंत आम्ही दोघी एका शब्दानं बोललो नाही, नुसते सोले खात होतो.

त्या गाडीत दत्तभक्त खूप असत. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंज्याला, त्यामुळे गुरुवारी बसायला जागा मिळणं कठीण. स्टेशनवरून गुरुमंदिरापर्यंत लोक पायी जात, आणि पुढच्या गाडीपर्यंत कुणाच्याही ओसरीवर बसत.

बांधावरचा
सगळ्यांच्या भावना मान्य. पण खरं बोलू? मी चार वर्षं यवतमाळला शिकायला होतो. शकुंतलेनं गेलो असतो तर पहिलं लेक्चर कधीच मिळालं नसतं. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालणारी गाडी. एसटी तासाभरात पोचवायची. परीक्षेच्या दिवशी कोणीही शहाणा मुलगा शकुंतलेची वाट पाहत नसे. गाडी प्रेमाची होती, पण आमच्या कामाची उरली नव्हती.

तिफण
बांधावरचे भाऊ, तुमचं बरोबर हाय. पण एसटीले पैसे लागत. आमच्या घरी कापूस विकेपर्यंत खिशात दमडी नसे. शकुंतलेचं तिकीट लय सस्तं, म्हणून मजूर, भाजीवाली, बकऱ्यावाले सारे तिच्यातच. गरिबाची गाडी होती ते.

गार्डाचा_पोरगा
कारंजेकरीणताईंनी गार्डाची आठवण काढली, म्हणून राहवलं नाही. माझे बाबा या लाइनवर गार्ड होते.

त्यांच्यासोबत एक लोखंडी पेटी असे, गडद हिरव्या रंगाची. तिच्यात लाल-हिरवी झेंडी, कंदील, शिट्टी, तिकिटांचे गठ्ठे, सुट्ट्या पैशांची पिशवी आणि आईनं दिलेली शिदोरी. सगळ्या गाडीला मोजून सहा-सात माणसं. तिकीट विकणं, माल उतरवणं, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावणं, सिग्नल पाडणं, सगळं त्यांच्यातच.

सगळ्यात जिवाचं काम फाटकाचं. बऱ्याच फाटकांवर माणूस नसे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची. एक जण उडी मारून उतरायचा, रस्ता बंद करायचा, गाडी हळूच पलीकडे जाऊन थांबायची, मग तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. मी शाळेत असताना उन्हाळ्यात बाबांसोबत जायचो, तेव्हा हे काम मला मिळायचं. मे महिन्यात त्या लोखंडी दांड्याला हात लावला की चटका बसायचा. बाबांनी मला एक जुनं पटकूर दिलं होतं, ते हाताला गुंडाळून फाटक लोटायचं. ते पटकूर अजून आईच्या पेटीत आहे. धुतलं तरी त्याला तेल-कोळशाचा वास येतो.

वाफेचं इंजिन होतं तोवर बाबांचे सदरे कधी पांढरे झाले नाहीत. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन. १५ एप्रिल १९९४ ला ते काढलं आणि डिझेल आलं. त्या दिवशी बाबा घरी आले आणि न जेवता झोपले. आईनं विचारलं नाही.

सरकीढेप
गार्डाचा_पोरगा, तुमचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट लिहायची आठवण झाली. कापूस आपला, जायचा मँचेस्टरकडच्या गिरण्यांना. ओढायला आलं ते इंजिनही मँचेस्टरचंच. माझे काका म्हणत, वऱ्हाडातून जे गेलं त्याचं हे एवढंच परत आलं.

रोकठोक_अमरावती
आणि अजूनही जाऊन राहिलं आहे! स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली तरी ही लाइन इंग्रजांच्या मालकीची, दरवर्षी कोटीच्या वर रुपये लंडनला जातात. शरमेची गोष्ट आहे.

खतावणी
रोकठोक, हे दर सहा महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतं, म्हणून शांतपणे लिहितो.

१. किलिक निक्सन ही मुंबईत १८५७ साली सुरू झालेली कंपनी. सुरुवातीचे मालक इंग्रज होते हे खरं. पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. पैसा लंडनला जातो, हे चूक.
२. लाइन खासगी कंपनीची आणि गाड्या चालवणारी दुसरी, अशी व्यवस्था सुरुवातीपासून होती. आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चालवायची, १९५१ नंतर मध्य रेल्वे. त्याचा करार दर दहा वर्षांनी नवा व्हायचा. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन बाहेर राहिली, एवढाच त्यातला वेगळेपणा.

राग करायचाच तर याचा करू, की मालक एक आणि चालवणारा दुसरा, त्यामुळे रुळावर पैसा घालायला कोणीच पुढे येईना. दुसऱ्याच्या वावरात शेणखत कोण टाकतो?

रोकठोक_अमरावती
खतावणी, माहिती पटली. माझ्या गटात तोच मजकूर मी दोनदा पुढे पाठवला होता, आता दुरुस्ती टाकतो. शेणखताचं वाक्यही घेतो.

पूर्णाकाठ
मी दर्यापूरकडचा, अचलपूर फाट्यावरचा. आमच्या गाडीची मजा वेगळी होती. लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट. अंजनगावला गाडीत पानाच्या करंड्या चढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, आणि सगळा डबा गार वाटायचा. पानपिंपळीचा तिखट वासही तिथलाच. बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत डब्यात माणसापेक्षा मातीची मडकी जास्त असत. परतवाड्याहून पुढे यात्रेला जायचं, हंडीतलं मटण आणि रोडगे खायचे आणि रिकामं मडकं घरी आणायचं.

आता मुद्द्याचं. माझं मत, हे छोटे रूळ उखडू नयेत. काल्का-शिमला लाइनची रुंदी किती? अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. आपली किती? तेवढीच. ती २००८ मध्ये जागतिक वारसा झाली. आपली मात्र २०१४ नंतर एकेक करून बंद पडली, आणि आज रुळांमधून बाभळी वर आल्या आहेत.

बांधावरचा
पूर्णाकाठ, शिमल्याला लोक हवा खायला जातात. मे महिन्यात मूर्तिजापूर-दारव्हा फिरायला कोण येणार? आम्हाला मोठी लाइन हवी. यवतमाळ जिल्ह्याच्या ठिकाणाचा माणूस अजून धामणगावला जाऊन गाडी पकडतो. शेतमाल, शिक्षण, दवाखाना, सगळं रेल्वेशिवाय अडतं. २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या लाइनींचं रुंदीकरण मंजूर झालं, ती गोष्ट तडीस जावी.

पूर्णाकाठ
मोठी लाइन नको असं मी कुठं म्हटलं? ती हवीच. पण एखादा तुकडा, एखादं इंजिन, एखादं स्टेशन तर ठेवाल? माझ्या मुलीला मी दाखवू काय? गुगलवरचा फोटो?

सरकीढेप
दोघांचंही खरं आहे. पण लाइन मेली कशानं, हे पाहिलं तर बांधावरचे यांचं पारडं जड होतं. अडीच फुटी डब्यातली गाठ मूर्तिजापूरला साडेपाच फुटी डब्यात हमालांच्या पाठीवरून चढवावी लागे. दोनदा हमाली, दोनदा उचल-ठेव. ट्रक आला आणि गाठ जिनिंगच्या दारातून थेट गिरणीत जाऊ लागली. १९७२ पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तेव्हापासून तर सगळा हिशेब संकलन केंद्र आणि ट्रक असाच झाला. ज्या मालासाठी लाइन टाकली तो मालच उतरला.

एक आठवण मात्र माझ्या घरात अजून आहे. गाठीला बांधायची ती लोखंडी पट्टी. आमच्या आजीनं तिनं टोपल्यांचे काठ बांधून घेतले होते. एक टोपलं अजून वापरात आहे, वेत बदलला, पट्टी तीच.

माळपठार
उशिरा आलो, पण मोतीबागेतला, तुमचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं.

मी पुसद तालुक्यातला. दारव्ह्याहून पुसदला एक फाटा होता! हीच अडीच फुटी लाइन, याच कंपनीची. स्वातंत्र्याच्या आधीच ती उखडली गेली. म्हणून तुमच्या-माझ्या वयाच्या कोणी ती पाहिली नाही. पण दारव्ह्याला गाडी बदलावी लागे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि पुसद. तुमची तिसरी दिशा ही! आजोबा चुकीचं बोलत नव्हते.

आमच्या घरात ही आठवण वारीमुळे राहिली. पणजोबा एका वर्षी म्हातारपणामुळे चालत जाऊ शकले नाहीत, म्हणून गाडीनं पंढरपूरला गेले. पुसदहून दारव्हा, दारव्ह्याहून मूर्तिजापूर. तिथून मोठी गाडी भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडीहून पंढरपूर परत अडीच फुटी लाइन, बार्शी लाइट रेल्वेची. आजी सांगायची, कुर्डुवाडीला उतरून समोर छोटे डबे पाहिले आणि पणजोबा म्हणाले, "अरे, ही तर आपली पुसदचीच गाडी, आपल्या आधी कशी पोचली?"

तिफण
माळपठार भाऊ, लय हासलो. पुसदची गाडी इठ्ठलाच्या दारी!

कारंजेकरीण
आणि आता वर्धा-नांदेडची नवी लाइन पाहा. वर्ध्याहून कळंबपर्यंत २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड. म्हणजे दारव्हा-पुसद रूळ परत येणार, या वेळी मोठे.

बांधावरचा
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या फाट्याचं नावही आपल्याला माहीत नव्हतं, तोच आधी परत येतोय. मूर्तिजापूरकडची लाइनही मोठी झाली तर दारव्हा पुन्हा खरंखुरं जंक्शन होईल. पूर्णाकाठ, तेव्हा एक छोटं इंजिन नव्या स्टेशनासमोर चौथऱ्यावर ठेवायची मागणी मी तुमच्यासोबत करेन. शब्द देतो.

पूर्णाकाठ
शब्द धरला. पण नुसतं चौथऱ्यावर नको, वर पत्र्याचं छप्परही. आपल्या उन्हात रंग दोन वर्षांत उडतो.

मोतीबागेतला
मंडळी, तुम्ही काय दिलंत मला ते कसं सांगू. माळपठारदादांचं उत्तर वाचून काल रात्रीच वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पुसदच्या गाडीचं मी बाबांच्या तोंडून ऐकलं होतं, पण मला वाटायचं ते मोटारगाडीबद्दल बोलतात."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आजोबा तरुणपणी कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये गाठींची नोंद ठेवत. स्टेशनवर गाठी उतरल्या-चढल्या की वहीत लिहायचे. संध्याकाळची ती फेरी त्या नोकरीची. नोकरी सुटली, फेरी सुटली नाही. त्यातली एक वही माळ्यावर सापडली. लाल कापडी बांधणी, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. अक्षर मोडी. आकडे मला लागतात, बाकी काही लागत नाही. पण बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला एकच खूण आहे. फोटो टाकतोय. कोणाला मोडी येते का?

खतावणी
मला येते. आमच्या दुकानाच्या जुन्या वह्या मोडीतच आहेत. फोटो जरा हलला आहे, पण लागतंय.

ओळीच्या सुरुवातीची खूण म्हणजे 'पु'. काही ओळींना 'य' आहे, काहींना 'मु'. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि तुमची पुसद. म्हणजे आजोबांनी तिन्ही दिशा रोज लिहून ठेवल्या होत्या.

खालून चौथी ओळ वाचतो: "पु. गाडी उशिरा. गाठी ४० उतरल्या, दोन भिजलेल्या. दिवे लागल्यावर घरी."

मोतीबागेतला
खतावणी, पुढचं पानही उद्या उजेडात नीट काढून टाकतो. वडील शेजारी बसले आहेत. म्हणतात ती शेवटची ओळ परत एकदा वाचून दाखव.